साडेअकरा किलो पस्ती

आत्याच्या वह्या पस्तीत गेल्या तेव्हा किलोला काय भाव होता ते आठवत नाही, पण काट्यावर साडेअकरा किलो भरले हे पक्कं आठवतं. बडोद्यात आम्ही मराठी माणसंसुद्धा रद्दीला पस्तीच म्हणतो. पस्तीवाल्याने वह्यांच्या गठ्ठ्यावरच जुने दिवाळी अंक टाकले आणि एकदाच वजन केलं. त्यामुळे त्या साडेअकरात आत्या किती आणि दिवाळी अंक किती, हेही आता कुणाला सांगता यायचं नाही.

आत्या चाळीसेक वर्षं गावातल्या मैफलींत तंबोऱ्यावर बसली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरातून ती रिक्षाने निघायची. तंबोऱ्याचा भोपळा तिच्या मांडीवर आणि गवसणीतली दांडी रिक्षाबाहेर. लोकांसमोर ती स्वतः कधी गायली नाही. गाता उत्तम येत होतं, पोळ्या लाटताना मी ऐकलंय. पण तिला कुणी गा म्हणालं नाही आणि तिने विचारलं नाही. रात्री घरी आली की हातपाय धुऊन आधी वही, मग जेवण. ती गेल्यावर घर आवरायची घाई झाली, तेव्हा आम्ही भाचे मंडळींनी कपाट रिकामं केलं. 'हिशेबाच्याच वह्या आहेत' असं कुणीतरी म्हणालं. कदाचित मीच म्हणालो असेन. एकच वही वाचली, कारण घडवंचीचा एक पाय आखूड होता आणि ती त्याखाली सरकवलेली होती. त्यातली एक नोंद अशी:

'बुधवार. बोलावलं साडेपाचला, बुवा आले सव्वासहाला. पंचमाची तार तुटली, माझ्याजवळची लावली. मग म्हणाले आज मालकंस, मध्यम लावा. आधी सांगायला काय झालं होतं. चहा चौदा. तबलजींना रिक्षाचे दिले ते आले नाहीत.'

मालकंस रागात पंचम, म्हणजे 'प', वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची एरवी पंचमाला असणारी पहिली तार मध्यमाला, म्हणजे 'म'ला लावतात. गाणं शिकलेल्या माणसाला यात हसू येईल. मला हसू आलं, आणि मग आपण काय करून बसलो ते ध्यानात आलं. त्या बुधवारची मैफल कशी झाली हे सांगणारी जगात एवढी एकच गोष्ट उरली आहे, आणि तिच्यात चहाचे कपसुद्धा मोजलेले आहेत.

ही वही मला पुन्हा आठवली ती एका इंग्रजी आत्मचरित्रामुळे. पुस्तकाचं नाव 'आर्ट सेक्स म्युझिक', साल 2017, लेखिका कोझी फॅनी टुटी. खरं नाव क्रिस्टीन न्यूबी, जन्म 1951, गाव इंग्लंडच्या पूर्वेकडचं हल हे बंदर. वडील अग्निशमन दलात आणि अतिशय कडक. पोरीला तरुणपणीच घराबाहेर काढलं. नावात एक खोडी आहे. मोझार्टच्या 'कोझी फान तुत्ते' या 1790 च्या प्रसिद्ध ऑपेराच्या नावाचा अर्थ साधारण 'सगळ्या बायका अशाच' असा होतो. त्याचाच उच्चार वाकडा करून हे टोपणनाव झालं. पुढे तिने हेच नाव आयुष्यभर लावलं, म्हणजे टोमणाच दारावर पाटी म्हणून लावला.

1969 मध्ये हलमध्ये 'कूम ट्रान्समिशन्स' नावाची एक टोळी जमली. नाटक म्हणावं तर संहिता नाही, संगीत म्हणावं तर सूर नाही. रस्त्यावर, सभागृहात, कुणाच्या उत्सवात जाऊन ते काहीबाही करायचे. आपल्याकडे याला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात आणि मराठी शब्द सापडेपर्यंत मीही तेच म्हणणार. पोलिसांच्या त्रासाला कंटाळून ही मंडळी 1973 मध्ये लंडनला गेली. तिथे ऑक्टोबर 1976 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये त्यांचं 'प्रॉस्टिट्यूशन' नावाचं प्रदर्शन आठवडाभर भरलं आणि वादळ उठलं. कोझीने पुरुषांच्या मासिकांसाठी मॉडेलिंग केलं होतं, त्या मासिकांची पानं तिने चौकटीत घालून कलाकृती म्हणून ठेवली. मासिक पाळीत वापरलेल्या वस्तू होत्या. सरकारी अनुदानाचे पैसे असल्या गोष्टींवर का, असा ओरडा झाला आणि निकोलस फेअरबेर्न या खासदाराने त्यांना 'सभ्यतेचा विध्वंस करणारे' म्हटलं. त्या प्रदर्शनाच्या उद्घाटनालाच 'थ्रॉबिंग ग्रिसल' हा त्यांचा बँड वाजला. कोझी, जेनेसिस पी-ऑरिज, पीटर क्रिस्टोफरसन, क्रिस कार्टर अशी चौकडी. कारखान्यासारखा घरघरणारा आवाज, टेपचे तुकडे, घरी जोडलेली यंत्रं. 'इंडस्ट्रियल म्युझिक' हे नाव यांच्यामुळे रूढ झालं. 1981 मध्ये बँड मोडला.

संगीताबद्दल माझं मत सांगून टाकतो. मला ते सोसत नाही. सूरसागर तलावाच्या कठड्यावर बसून इअरफोन लावून ऐकायचा प्रयत्न केला. दहा मिनिटांनी वाटलं की इअरफोन काढले तर रावपुऱ्याची वाहतूक हेच वाजवते आहे आणि तेही फुकट. म्हणजे कदाचित त्यांचं बरोबर असेल, माझे कान तयार नसतील. पण पुस्तक मी दोनदा वाचलं. ते आवडलं ते संगीतापेक्षा हिशेबासाठी.

कोझी तरुणपणापासून रोजनिशी लिहीत आली. पुस्तकात तिने त्या रोजनिशीतले उतारे तारखेनिशी दिले आहेत. कुठे गेलो, काय वाजवलं, पैसे कुठून आले, घरात स्वयंपाक आणि झाडलोट कुणाच्या वाट्याला आली, आणि बाहेर जाऊन कमावून कुणी आणलं. जेनेसिस पी-ऑरिज तिचे तेव्हाचे जोडीदार. (पुढे त्यांनी स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी एक मानणं सोडलं, म्हणून मी आदरार्थी अनेकवचनात लिहितो. मराठीत ही सोय आयती आहे, इंग्रजीची यात फार ओढाताण होते.) बाहेरच्या जगाला वर्षानुवर्षं कूम आणि ग्रिसल म्हणजे जेनेसिस एवढंच माहीत होतं. बोलायला ते पुढे, मुलाखतींना ते, सिद्धांत मांडायला ते. पुस्तकात कोझीने लिहिलंय की या सगळ्याच्या आत धाक होता, मारहाण होती, आणि एकदा वरून फेकलेला सिमेंटचा ठोकळा तिला लागता लागता राहिला. जेनेसिस यांनी हे नाकारलं. 2020 मध्ये ते वारले आणि 2021 मध्ये त्यांचंही आत्मचरित्र आलं.

हे पुस्तक मी आमच्या वाचनमंडळात सांगितलं. रविवारी सकाळी सात-आठ जण जमतो, नंतर सेव-उसळ. सांगून होताच पहिला प्रश्न आला, 'एवढ्या वर्षांनी कशाला?' दुसरा, 'ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्याबद्दल असं चव्हाट्यावर मांडायचं?' आणि तिसरा, जो कुणी मोठ्याने विचारला नाही पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता: असले फोटो काढून घेणाऱ्या बाईचं काय ऐकायचं?

हे प्रश्न आपले जुने आहेत. 1990 मध्ये सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा मराठी घराघरांत हाच वाद झाला. मी तेव्हा कॉलेजात होतो. बडोद्याच्या आमच्या नातेवाइकांतल्या अर्ध्यांनी पुस्तक वाचलंच नव्हतं, तरी पु.लं.बद्दल असं लिहायला नको होतं यावर त्यांचं एकमत होतं. त्याच्या ऐंशी वर्षं आधी रमाबाई रानड्यांनी लिहिलं तेव्हा पुस्तकाच्या नावात 'आमच्या आयुष्यातील' असं अनेकवचन होतं. 'माझ्या' म्हणायची सोय नव्हती. बायकोने, सहचारिणीने, साथीला बसणारीने लिहिलेल्या पुस्तकाची आपण एकच परीक्षा घेतो: मोठ्या माणसाचा मान राखला का? बाई त्यात स्वतः काय करत होती हे कुणाच्या प्रश्नपत्रिकेत नसतंच.

माझं म्हणणं असं की प्रयोगशील कलेच्या बाबतीत ही परीक्षा नुसती अन्यायाची नाही, ती निरुपयोगी आहे. चित्र भिंतीवर राहतं, कविता छापली जाते. मैफल सकाळपर्यंत विरते, आणि कूमसारख्यांचा प्रयोग तर संपताना झाडूने गोळा करण्याइतकाच उरतो. ज्या कलेचा मागे काही ऐवज राहत नाही, तिचा इतिहास म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेलं किंवा पुन्हा पुन्हा बोललेलं, एवढंच. बोलणारे नेहमी पुढचे असतात. त्यांच्या बोलण्याची आख्यायिका होते आणि आख्यायिका फार पटकन इतिहास होतो. लिहून ठेवणारी व्यक्ती बहुधा मागच्या रांगेत असते. म्हणून असं आत्मचरित्र हाती आलं की त्यात कबुली किती, बदनामी किती हे मोजण्याआधी मी विचारतो: याच्या मागे वही आहे का? वही असेल तर ते पुस्तक कलेच्या इतिहासाचं साधन आहे, मग ती बाई मला आवडो न आवडो. वही नसेल तर ती चांगली-वाईट गोष्ट आहे.

त्या 1976 च्या प्रदर्शनाची एक बाब मला फार शहाणपणाची वाटते. वर्तमानपत्रांत रोज जो शिमगा चालला होता, त्याची कात्रणं ही मंडळी त्याच प्रदर्शनात लावत गेली. ओरडा हाच प्रदर्शनाचा भाग झाला. आज त्या आठवड्याबद्दल वाचायला गेलं तर सर्वत्र ती कात्रणं आणि त्या खासदाराचे शब्दच भेटतात. उद्घाटनाच्या दिवशी गिटार कुणी कशी वाजवली, मासिकांची पानं कुणी का निवडली, हे सांगायला शेवटी कोझीची रोजनिशीच लागते. गंमत म्हणजे 2017 मध्ये हल शहर ब्रिटनचं 'सांस्कृतिक शहर' झालं तेव्हा तिथल्याच एका नव्या गॅलरीत कूमचं सिंहावलोकन भरलं. ज्या गावातून पोलिसांमुळे निघावं लागलं त्याच गावाने हार घातले. कागद ठेवले होते म्हणून गावाला हार घालायला काहीतरी होतं.

आता आपल्या गावाकडे येतो. सयाजीरावांचं बडोदं हे लिहून ठेवणाऱ्यांचं संस्थान होतं. 1886 मध्ये इथे गायनशाळा निघाली, दरबारी गवई मौलाबक्षांच्या हाताखाली. मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली. गाणं कागदावर उतरवता येतं हा त्यांचा आग्रह होता. 1916 मध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती इथेच. 1910 पासून बॉर्डन या अमेरिकन माणसाला आणून गावोगाव ग्रंथालयं काढली. आणि दरबारी गवई, वादक, नर्तकी यांच्यासाठी 'कलावंत कारखाना' नावाचं अख्खं खातं होतं, त्यात पगार, हजेरी, रजा सगळ्याचे नियम. कारकून मोडी लिहीत बसलेले. कुणाला किती तनखा, हे कळतं. ज्याला तनखा मिळत होता त्याला काय वाटत होतं, हे मात्र त्या दप्तरात सापडत नाही. दप्तर कारकुनाचं होतं, कलावंताचं नव्हतं.

गौरा आणि कांता या दोघींचं घ्या. 1880 मध्ये सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या राजघराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं, ज्या पुढे पहिल्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आल्या, वादक आले. आज ज्याला भरतनाट्यम् म्हणतात ती कला गुजरातेत पहिल्यांदा पोचली ती या दोघींच्या पायांनी. तंजावरही मराठ्यांचंच, भोसल्यांचं. म्हणजे एका मराठी दरबारातून दुसऱ्या मराठी दरबारात त्या आल्या. कांता, म्हणजे कांतिमती, यांचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे याच गावात शेकडो मुलींना नाच शिकवला. हे सगळं आम्हाला माहीत आहे आणि आम्ही अभिमानाने सांगतो. पण तंजावरहून इतक्या लांब येताना त्या दोघींना कुणी विचारलं होतं का, इथला पहिला उन्हाळा कसा गेला, महाराजांसमोर नाचताना घुंगरू तुटलं तर काय व्हायचं? त्या दोघींचा स्वतःचा म्हणून एक शब्द माझ्या वाचनात आलेला नाही. आहेराच्या यादीत माणसं लिहिली की त्यांची रोजनिशी कुणी ठेवत नाही.

ताराबाई मान्यांची गोष्ट तर प्रत्येक रसिकाला पाठ आहे. दरबाराशी नातं असलेल्या सरदार घराण्यातली मुलगी, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे गाणं शिकू लागली, आणि दोघं बडोदं सोडून निघून गेले. ही गोष्ट नेहमी खाँसाहेबांच्या बाजूने सांगितली जाते: केवढा स्वर, केवढं धाडस. 1922 च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या, तिथे गोष्ट सांगणारे एकदम आवाज खाली करतात. सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वतीबाई या मुलांनी मराठी गाण्याचा एक अख्खा काळ उभा केला, आणि हिराबाईंनी आईच्या गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं, बडोदेकर. आईच्या गावाचं! माझ्या मते ताराबाईंच्या आत्मचरित्राचं हे एकच वाक्य आपल्यापर्यंत पोचलं, तेही मुलीच्या सहीतून. बाकीचं पुस्तक त्यांनी लिहिलं नाही किंवा कुणी लिहू दिलं नाही.

असं म्हटलं की लगेच उत्तर येतं, 'गाणं ऐका ना, खासगी आयुष्यात कशाला डोकावायचं?' हा आक्षेप मला मनापासून पटतो आणि तरीही पुरेसा वाटत नाही. कोण रियाजाला कधी बसला, कुणाचा खर्च कुणी भागवला, साथीदाराला बिदागी मिळाली की नुसती शाबासकी, या गोष्टी खासगी कशा? ती धंद्याची माहिती आहे. कोझीने मासिकांतून कमावलेले पैसे टोळीच्या प्रयोगांना लागले, हे माहीत नसेल तर त्या टोळीचं अर्थकारणच कळत नाही; मग आपण उगीच सगळं श्रेय अनुदानाला किंवा प्रतिभेला देतो. आमच्या आत्याची तार त्या मालकंसाला लागली. तिचे पैसे तिला मिळाले का? वहीत 'आले नाहीत' एवढंच आहे, आणि ते तबलजींच्या रिक्षाबद्दल. तारेचं तिने लिहिलंसुद्धा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. रोजनिशीसुद्धा खोटं बोलू शकते. लिहिणारा रागात असतो, स्वतःला वाचवत असतो, आणि चाळीस वर्षांनी उतारे निवडताना सोयीचे निवडतो. कोझीच्या पुस्तकात हे नसेलच असं मी म्हणणार नाही. ती काही ठिकाणी फार घाईने निकाल देते आणि स्वतःच्या चुका तितक्याच बारकाईने मोजत नाही. पण यावर उपाय तिने गप्प बसणं हा नाही. दुसऱ्याचीही वही यावी हा उपाय आहे. आज तिचं पुस्तक आहे, जेनेसिस यांचंही आहे, दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा वाचक आहे. गौरा-कांता किंवा ताराबाईंच्या बाबतीत शेजारी ठेवायला दुसरं काही नाही, एकच बाजू आहे आणि ती फार गोड आवाजात सांगितलेली आहे.

आमच्या सयाजीराव विद्यापीठातल्या फाइन आर्ट्सचा अनुभव वेगळा आणि ताजा आहे. 1950 मध्ये सुरू झालेल्या या विद्याशाखेने देशाला चित्रकारांच्या पिढ्याच्या पिढ्या दिल्या. मूळचे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे आले आणि त्यांच्या हाताखाली ती घडली. इथलेच भूपेन खख्खर. दिवसा चार्टर्ड अकाउंटंट, संध्याकाळी चित्रकार. माणूस सरळ ताळेबंद लिहिणारा, आणि त्याने स्वतःचं खासगी आयुष्य, स्वतःचं समलिंगी असणं, 1981 च्या सुमाराला चित्रांत असं उघड मांडलं की गावाला नजर कुठे ठेवावी कळेना. त्याच विद्याशाखेत मे 2007 मध्ये एका विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या कामावरून गदारोळ झाला, विद्यार्थ्याला अटक झाली. विद्यार्थ्यांनी निषेधाचं प्रदर्शन लावलं, ते बंद करायला नकार देणाऱ्या प्रभारी डीनना निलंबित केलं. आज गावात कुणालाही विचारा, दंगा आठवतो. भिंतीवर नेमकं काय होतं हे विचारा, दहा जण दहा उत्तरं देतील आणि त्यातल्या नऊ जणांनी ते पाहिलेलं नसेल. लंडनच्या 1976 सारखंच. फरक इतकाच की तिथे चाळीस वर्षांनी का होईना, त्या खोलीत असलेल्या बाईचं पुस्तक आलं. आपल्या त्या मे महिन्यात त्या खोल्यांत असलेल्या मुलामुलींनी काही लिहून ठेवलं असेल तर त्यांची मुलं आता ते पस्तीत द्यायच्या वयाला येतील.

म्हणून माझी मागणी साधी आणि कोरडी आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये एक्क्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावात झालं, केवढे मांडव, केवढ्या दिंड्या. त्या मांडवाच्या कापडाच्या खर्चात एक कपाट आलं असतं. संगीत, नाच, नाटक, चित्र यांत साथीला असलेल्या माणसांच्या वह्या, पत्रं, बिदागीच्या पावत्या घेणारं कपाट. तंबोऱ्यावर बसणाऱ्या, घुंगरू ओवणाऱ्या, पडदा ओढणाऱ्या, रंग कालवून देणाऱ्या माणसांचं. मोठ्या कलावंतांच्या वस्तू जपायला लोक पुढे येतात, त्यांचा पानाचा डबासुद्धा काचेत जातो. मला त्या डब्याशेजारी चुना कुणी आणला त्याची वही हवी आहे.

आणि हो, यात धोका आहे. वह्यांत इतर जिवंत माणसं असतात. त्यासाठी जगभर साधी पद्धत आहे: कागद घ्या, यादी करा, आणि देणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत सील करून ठेवा. तीस वर्षं, पन्नास वर्षं. हा मुद्दा मी हवेत बोलत नाही. आत्याच्या त्या वाचलेल्या वहीत एक नोंद आहे. एका घरगुती मैफलीची, उशिरा संपलेली. गायक कोण, राग कोणते, चहा किती, सगळं नेहमीप्रमाणे. शेवटची ओळ अशी:

'पुन्हा त्यांच्या गाडीतून यायचं नाही. रिक्षाचे गेले तरी चालतील.'

बस्स. ना शिवी, ना रडणं, ना तपशील. पुढच्या ओळीत जवारी काढून घेतल्याचे, म्हणजे तंबोऱ्याची घोडी घासून आवाज खुलवून घेतल्याचे पैसे. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांचा फोटो गावातल्या एका सभागृहात लागलेला आहे आणि त्यांची नातवंडं माझ्या ओळखीची आहेत. मी हे नाव कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही; एका ओळीवर माणसाला फासावर चढवता येत नाही हे मला कळतं. पण चहाचे कप आणि जवारीचे पैसे यांच्या मध्ये बसलेली ती ओळ मी खोटी मानू शकत नाही. जी बाई चहाचे कप चुकवत नाही, ती हे उगीच लिहील? कोझीच्या पुस्तकावर मी विश्वास ठेवला तो याच कारणाने. तिच्या मोठ्या आरोपांच्या दोन्ही बाजूंना घरभाडं, कपडे धुणं आणि यंत्रांच्या दुरुस्त्या आहेत. आख्यायिकेत असल्या गोष्टींना जागा नसते.

मागच्या महिन्यात मी ती वही घेऊन गावातल्या एका ग्रंथालयात गेलो. म्हटलं, ठेवून घ्या, पंचवीस वर्षं कुणाला दाखवू नका. टेबलामागच्या भाईंनी वही उलटसुलट पाहिली. माणूस सभ्य, चहा मागवला. मग रजिस्टर उघडलं. लेखकाचं नाव? मी आत्याचं सांगितलं. प्रकाशक? मी गप्प. आवृत्ती? किंमत? किमतीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणाले, आणि लग्नातल्या आहेरासारखी वही दोन्ही हातांनी परत दिली. 'छापून आणा ना साहेब, मग लगेच घेऊ.'

वही आता माझ्या टेबलाच्या खणात आहे, डांबराच्या दोन गोळ्यांबरोबर. घडवंचीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे, तरी ती जरा डुगडुगतेच.